बर्गरच्या काउंटरवरच्या पोरीनं हसलंच पाहिजे का?

पूर्व भागातली आई

माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, आणि दुपारी साडेतीनपासून रात्री साडेदहापर्यंत एका मोठ्या कंपनीच्या बर्गरच्या दुकानात काउंटरला. शनिवार-रविवारी सगळं आवरेपर्यंत साडेअकरा होतात, तिचा भाऊ स्कूटर घेऊन जातो आणायला. हातात साडेनऊ हजार येतात. मी शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. तिच्या पैशानं तिची फी निघते आणि घरचं लाईटबिल.

झालं असं. इथे सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी संध्याकाळी गड्ड्यावरून, म्हणजे यात्रेच्या मैदानावरून, परतणारी निम्मी गर्दी तिच्या दुकानात शिरली. फ्राईज तळायची दोन मशीन आहेत, त्यातलं एक दुपारीच बंद पडलेलं. मेकॅनिक आला नाही. एका कुटुंबाला फ्राईज मिळायला वीस मिनिटं लागली. त्या गृहस्थांनी काउंटरवर थाप मारली आणि म्हणाले, "पगार कशाचा घेता गं तुम्ही?" ही म्हणाली, "सर, पाच मिनिटं थांबा, एकच मशीन चालू आहे." एवढंच. आवाज चढवला नाही, उलटं बोलली नाही. हसली मात्र नाही. रात्री त्यांनी नेटवर एक तारा दिला आणि खाली हिचं नाव लिहिलं, की ही मुलगी उद्धट आहे, चेहऱ्यावर साधं हसू नाही. नाव छातीवरच्या बिल्ल्यावर असतंच. त्या महिन्याच्या पगारातून पाचशे कापले, पावतीवर लिहिलं 'कस्टमर कंप्लेंट'.

पहिला प्रश्न सरळ आहे: असे पैसे कापता येतात का? कायद्यातलं कुणाला माहीत असेल तर सांगा.

दुसरा प्रश्न तुम्हा सगळ्यांना. अशा दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या पोरीकडून तुम्हाला नक्की काय हवं असतं?

मी एकदा तिला न सांगता कोपऱ्यात बसून बघितलं. तिच्या डोक्यावर एक स्क्रीन आहे, ऑर्डर घेतली की त्यावर सेकंद पळायला लागतात, उशीर झाला की आकडा लाल होतो. ती एका हातानं पैसे घेते, दुसऱ्यानं ट्रेवर कागद अंथरते, आणि तोंडानं कंपनीनं शिकवलेलं वाक्य म्हणते, कोल्ड्रिंक मोठं करू का, सोबत अमुक घेणार का. विचारायचं राहिलं तर तिला बोलणी, विचारलं तर गिऱ्हाईक वैतागतं. आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, कंपनीचं वाक्य हिंदीत. एक जण म्हणतो मराठीत बोल, लगेच मागचा इंग्रजीत सुरू. ती ज्याला जे हवं त्यात बोलते. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या थेंबांचे डाग आहेत, जुने काळे आणि नवे लाल. फोनवर बोलतच एक बाई आल्या, फोन न काढता बोटानं मेनूवर दाखवलं, नोट टेबलावर टाकली. नोट घसरून आत पडली. पोरगी खाली वाकली, उचलली, आणि वर येताना हसून 'थँक यू मॅडम' म्हणाली. त्या हसण्याकडे माझ्यानं बघवलं नाही.

माझी आई विड्या वळायची. माल घेऊन कारखान्यात गेलं की तपासणारा हजारातून मूठभर विड्या छाट म्हणून काढायचा. पानं खराब त्यांनीच दिलेली असायची, पण पैसे आईचे कापायचे. छाट तिला परतही मिळायची नाही. मशीन कंपनीचं बंद, मेकॅनिक कंपनीचा आला नाही, आणि पाचशे पोरीचे गेले, तेव्हा मला ती मूठच आठवली. म्हणून लिहायला बसले.

आणखी एक सांगते. पार्क चौपाटीला खाण्याच्या गाडीवर आपण अर्धा तास उभे राहतो. 'अण्णा, बघा की जरा आमचं' म्हणतो, गाडीवाला मान वर करून बघतही नाही, तरी कुणाला राग येत नाही. तीच माणसं एसीत गेली, समोर टोपी घातलेली पोरगी दिसली की त्यांचा सूर का बदलतो? मला हे खरंच कळत नाही.

मला विचाराल तर गिऱ्हाइकाचा हक्क इतका: हात स्वच्छ असावेत, मागितलं तेच मिळावं, हिशोब बरोबर असावा, उशीर होणार असेल तर खरं सांगावं, आणि अपमान होऊ नये. हसणं हे त्या मुलीचं स्वतःचं आहे. दिलं तर घ्यावं.

नवी पेठ, कापडवाले

ताई, पाचशे कापले ते चूकच. पण बाकीचं मला पटलं नाही, म्हणून लिहितो.

माझं साडी-ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, वडिलांपासून. पगार कमी आहे म्हणून गोड बोलणं कमी, असा हिशोब एकदा डोक्यात बसला की तो माणूस कुठल्याच धंद्यात पुढे जात नाही. आमच्याकडे लग्नाच्या बस्त्याला एक कुटुंब येतं, तीन तास बसतं, गादीवर साड्यांचा ढीग होतो, आणि 'जरा फिरून येतो' म्हणून उठून जातं. मग माझा माणूस एकेक साडी घडी घालतो. त्या वेळी त्याचा चेहरा पुढच्या गिऱ्हाइकाला दिसत असतो. तो चेहरा नीट ठेवणं हे कामच आहे, कापड फाडण्याइतकंच. तुमची मुलगी हे आत्ता शिकली तर उद्या स्वतःचं काउंटर चालवेल.

आता मालकाची बाजू, कारण मी मालक आहे. गिऱ्हाईक भडकलं की गल्ल्यावरच्या माणसानं उठून पुढे यायचं आणि पोराला मागे पाठवायचं. आमच्याकडे हाच नियम आहे. शिव्या खायच्या तर मालकानं खायच्या, नफाही तोच खातो. मशीन बंद होतं तर दारात पाटी लावायला हवी होती की फ्राईजला वीस मिनिटं लागतील. निम्मे लोक दुसरं काही मागवतात. ती पाटी कुणी लावली नाही, आणि दोष पोरीच्या चेहऱ्याचा?

बसण्याचंही बघा. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभं ठेवायचे. त्यांनी आंदोलन केलं आणि २०१८ मध्ये तिथला दुकान कायदा बदलला, बसायची सोय सक्तीची झाली. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तसंच केलं. ते वाचून मी आमच्याकडे काउंटरमागे स्टुलं ठेवली. दुपारी गिऱ्हाईक नसताना माणसं बसतात, चहा घेतात. संध्याकाळी ती जास्त नीट बोलतात, हे मी रोज बघतोय. सात तास उभ्या असलेल्या पोरीकडून हसू मागणाऱ्यानं आधी तिला स्टूल द्यावं.

सात रस्ता

दोनशे रुपयाचा बर्गर घेतो आपण. त्यात सर्व्हिस धरलेली आहे. नाहीतर गाडीवर चाळीस रुपयांत वडापाव खाल्ला असता. पैसे मोजलेत तर हसून बोलण्याची अपेक्षा ठेवली त्यात गैर काय? कंपनीच जाहिरातीत हसरे चेहरे दाखवते.

पूर्व भागातली आई

दादा, दोनशे रुपये तुम्ही मोजले, मान्य. त्यात जागेचं भाडं आहे, एसी आहे, जाहिरात आहे, कंपनीचं नाव आहे. पोरीचा हिशोब मी करून बघितलाय. तासाला पन्नास-बावन्न रुपये पडतात. तुमचा एक बर्गर म्हणजे तिचे जवळजवळ चार तास. जाहिरातीतलं हसू कंपनीनं विकलंय, तर त्याची किंमत पगारात दिसायला हवी. तुमचा राग कंपनीकडे जावा एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तुम्ही तिच्याशी नीट बोललात तर ती हसेल हो. तिचा स्वभावच हसरा आहे, शेजारीपाजारी विचारा.

नवी पेठवाले काका, तुमचं 'चेहरा नीट ठेवणं हे काम आहे' हे मला आधी लागलं. पण पुढचं वाचलं. तुमच्यासारखा मालक पुढे उभा राहणार असेल तर माझी तक्रार नाही. तिच्याकडे पुढे यायला कुणीच आलं नाही.

अशोक चौक ते पुणे

काकू, मीपण आपल्या अशोक चौकातला. पुण्यात अशाच एका साखळीत शिफ्ट मॅनेजर आहे, काउंटरपासून सुरुवात केली. आतलं थोडं सांगतो, म्हणजे राग कुठे काढायचा ते कळेल.

कोणत्या शिफ्टला किती पोरं, हे गेल्या काही आठवड्यांच्या विक्रीवरून ठरतं. यात्रा, मॅच, शाळेचा निकाल, असलं काही त्या आकड्यात नसतं. स्थानिक मॅनेजरनं आधी लढून जादा माणूस मागितला नाही तर गर्दीच्या दिवशी नेमकी माणसं कमी. गड्ड्याची तारीख सोलापुरात लहान मुलाला पाठ असते, त्यामुळे तुमच्या मुलीच्या मॅनेजरला माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही. त्यानं मागितली नसतील किंवा त्याला दिली नसतील. शिवाय कंपनी गुपचूप माणूस पाठवते, तो साधा गिऱ्हाईक बनून येतो आणि अभिवादन केलं का, मोठं कोल्ड्रिंक विचारलं का, याला मार्क देतो. म्हणून पोरं ते वाक्य सोडू शकत नाहीत. तुम्हाला नको असेल तर फक्त 'नको' म्हणा. त्यावर टोमणा नको.

तक्रार लिहिताना लोकांना वाटतं ती वर कुठेतरी जाते. ती वर जाते आणि तशीच खाली येते, बहुतेक वेळा काउंटरवरच्या पोरावर, कारण नाव फक्त त्याचंच दिसतं. आत फ्रायरवर कोण होतं, मशीन कुणी दुरुस्त केलं नाही, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती: तक्रार असेल तर तिथेच मॅनेजरला बोलवा. तो यायला बांधील आहे. लिहायचंच तर तारीख, वेळ, काय मागवलं, किती उशीर, हे लिहा. व्यक्तीचं नाव चांगलं लिहायचं असेल तेव्हाच लिहा. त्या एका चांगल्या ओळीवर आमच्याकडे पोरांना महिन्याचं बक्षीस मिळालेलं मी बघितलंय.

बिल्ल्याचं तर फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडच्या एका मुलीचं नाव बिल्ल्यावर वाचून एकानं इन्स्टाग्रामवर शोधलं आणि रोज मेसेज पाठवायला लागला. मी वरिष्ठांशी भांडून आमच्या दुकानात नावाऐवजी नंबर सुरू करवला. तुमच्या मुलीला लेखी मागायला सांगा.

पैसे मात्र मी कधीच कुणाचे कापले नाहीत. चुकलं तर परत शिकवायचं, ही आमची पद्धत. पाचशे कापणं हा त्या दुकानाचा स्वतःचा उद्योग दिसतोय.

कामगार कायदा, सोलापूर

मी कामगारांची प्रकरणं चालवतो. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

मालकाला मनाला येईल तसा दंड करता येत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून हे ठरलेलं आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच ठेवलंय. कोणत्या चुकीसाठी दंड होईल, ते आधी मंजुरी घेऊन लेखी लावलेलं असावं लागतं. दंड करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आणि सगळा मिळून दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. मुलीच्या हातात साडेनऊ हजार येत असतील तर ही मर्यादा तीनशे रुपयांच्या आसपास येते. म्हणजे बाकीचं सगळं बरोबर आहे असं धरलं तरी पाचशे हे बेकायदा. दंडाची रक्कम रजिस्टरमध्ये नोंदवायची असते आणि ती कामगारांच्या हिताच्या कामासाठीच वापरायची असते. मालकाच्या खिशात जात नाही. 'हसली नाही' हा गुन्हा कुठल्याही मंजूर यादीत असेल असं मला वाटत नाही.

आता तुम्ही विचारलं नाही, पण वाचताना मला जास्त खटकलं ते रात्रीचं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी सुरक्षिततेची व्यवस्था आणि दुकानापासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकानं करायची असते. तुमचा मुलगा स्कूटर घेऊन जातो, ते खरं तर मालकाचं काम तो करतोय. याच कायद्यात आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. शनिवार-रविवारचा तो साडेअकरापर्यंतचा वेळ हजेरीत दाखवतात का, आणि आठवड्याची बेरीज किती होते, ते बघा. पगारपावतीवरचा दर किमान वेतनाशीही ताडून बघा.

अशोक चौकच्या भावानं मेसेजचं लिहिलं, तेही कायद्यात येतं. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाची जबाबदारी आहे. गिऱ्हाईक त्यात आलं. दहा किंवा जास्त कामगार असतील तर छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. दुकानात किती जण आहेत?

पुढची पायरी: मॅनेजरला साध्या मराठीत अर्ज द्या. कोणत्या तारखेच्या घटनेबद्दल, कोणत्या नियमाखाली, किती दंड केला, माझं म्हणणं कधी घेतलं, याची लेखी माहिती द्यावी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवा. उत्तर नाही आलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. वकील लागतोच असं नाही.

जुळे सोलापूर, सध्या कॅलिफोर्निया

इथलं एक उदाहरण देतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फास्ट फूडच्या कामगारांनी तासाला १५ डॉलर मागत संप केला, ती मागणी देशभर पसरली. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांमध्ये किमान २० डॉलर तासाला झाले. देशाचा किमान दर २००९ पासून सव्वासात डॉलरवरच अडकलाय.

पगार वाढल्यानं गिऱ्हाईक सभ्य झालं का? नाही. परवाच एक माणूस लोणच्याच्या चकतीवरून ओरडत होता. पण काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, 'मी दुसरा करून देतो, पण माझ्याशी असं बोलू नका.' हे बोलायला त्याला भीती वाटली नाही, कारण त्यासाठी पगार कापला जाणार नाही हे त्याला माहीत होतं. मला फरक तिथे दिसला. आणि इथे खाऊन झाल्यावर ट्रे आपण स्वतः उचलतो, चिमुकली पोरंसुद्धा. सोलापूरला आलो की टेबलावर सॉसचा सडा टाकून उठणारे सुशिक्षित लोक दिसतात. तो पुसायला तुमच्या मुलीसारखंच कुणीतरी येतं.

पूर्व भागातली आई

सगळ्यांचे आभार. रात्री तिला सगळं वाचून दाखवलं. वकीलदादांचं तिनं दोनदा वाचायला लावलं. रात्री साडेनऊच्या नियमाचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात पंचवीसेक पोरं आहेत, त्यात मुली जवळजवळ निम्म्या, आणि सगळ्या आपापल्या भावाच्या, वडिलांच्या गाडीवर घरी जातात. समितीचं तिनं आजवर नावही ऐकलेलं नाही.

अर्ज लिहून झालाय. भावानं टाईप केला. तिचं म्हणणं, एकटीच्या नावानं दिला तर पुढच्या आठवड्यात तिलाच सगळ्या रात्रीच्या शिफ्ट लावतील. म्हणून दंडाचा अर्ज तिच्या नावानं, आणि बिल्ल्यावर नंबर ठेवायचा आणि रात्रीच्या वाहनाचा अर्ज सगळ्या मुलींच्या सह्यांनी, असं त्यांनी आपसात ठरवलंय. सात जणी तयार आहेत. बाकीच्या घरी विचारून सांगणार.

सात रस्तावाले दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही खरं काय वाटतं ते लिहिलंत.

वकीलदादा, एकच अडचण. कामाला लागताना तिच्याकडून चार-पाच इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या होत्या. वाचायला वेळ दिला नाही, प्रतही दिली नाही. त्यात रात्रीच्या कामाची संमती घातलेली असेल तर?

कामगार कायदा, सोलापूर

आधी त्या सगळ्या कागदांच्या प्रती मागा, याच अर्जात शेवटची ओळ म्हणून घाला. संमतीची सही निघाली तरी घाबरू नका. संमतीनं फक्त रात्री काम करायची मुभा मिळते, वाहनाची आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावरून उतरत नाही. सह्यांचा अर्ज देण्याआधी मला मेसेज करा, मसुदा बघून देतो. फी नको. आणि अर्ज द्यायला दोघी-तिघी मिळून जा, दुपारी, दुकानात गर्दी नसताना.